परतीचा पाऊस आणि तीन दिवसांचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्थापना जवळ आली की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. लातूरहून विचारतात, सोयाबीन काढायला घेऊ का. सांगलीहून विचारतात, छाटणी दोन दिवस पुढे ढकलू का. मुंबईचे नातेवाईक विचारतात, उकाडा कधी जाणार. बेंगळुरूला राहणारी भाची दिवाळीला घरी यायचा रस्ता कोरडा मिळेल का ते विचारते. सगळ्यांनी मान्सून परतल्याची एकच बातमी ऐकलेली असते आणि प्रत्येकाला तिचा वेगळा अर्थ लागलेला असतो. म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

अल्प पल्ल्याचा अंदाज म्हणजे नेमके किती दिवस?

पुढचे तीन दिवस, म्हणजे 72 तास. त्याहून जवळचा असतो तो तात्काळ अंदाज. तो पुढच्या दोन-तीन तासांपुरता असतो आणि रडार, उपग्रह, विजांची नोंद यांवर दिला जातो. तीन दिवसांपलीकडे साधारण दहा दिवसांपर्यंतचा तो मध्यम पल्ल्याचा, आणि दर गुरुवारी हवामान खातं चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. या पानावर मुख्यतः पहिल्या तीन दिवसांबद्दल बोलू, कारण काढणी, फवारणी, प्रवास आणि मासेमारी यांचे निर्णय त्यावरच होतात.

शरद म्हणजे पंचांगातले आश्विन-कार्तिक. हवामान खातं मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा मान्सूनोत्तर काळ धरतं. सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा कागदावर पावसाळ्यात मोडत असला, तरी परतीची सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

टीव्हीवर एका पट्टीत "मान्सून परतला" आणि दुसऱ्या पट्टीत "मुसळधारेचा इशारा". खरं काय मानायचं?

दोन्ही. गोंधळ बातमीमुळे होत नाही, देशाच्या आकारामुळे होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा दिवस घ्या. राजस्थानात आणि पंजाबात आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि पहाटे थोडा गारवा. काश्मीर-हिमाचलच्या उंच भागात भूमध्य समुद्राकडून आलेल्या पश्चिमी झंझावातामुळे मोसमातला पहिला बर्फ. महाराष्ट्रात दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारनंतर गडगडाट. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होत असतं, त्यामुळे ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावर इशारे. आणि तमिळनाडूत लोक पाऊस जाण्याची नाही, येण्याची वाट पाहत असतात, कारण त्यांचा ईशान्य मान्सून साधारण 20 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो.

हे सगळं एकाच दिवशी, एकाच देशात. म्हणून "देशात पुढचे तीन दिवस कसे जातील" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारी बातमी तुमच्या कामाची नसते. हवामान खात्याने देशाचे 36 उपविभाग केले आहेत. आपल्या वाट्याला कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार येतात. आधी आपला उपविभाग बघा, मग जिल्हा. देशाचा नकाशा शेवटी बघा, आणि तोही एका खास कारणासाठी. ते कारण पुढे उपसागराच्या प्रश्नात येईल.

मान्सून गेला हे कोण ठरवतं? कालच आमच्याकडे पाऊस झाला आणि आज "माघार" जाहीर!

भारतीय हवामान खातं. 1875 साली स्थापन झालेलं हे खातं आज दिल्लीतून चालतं. एके काळी त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं होतं, ते 1928 साल. शिवाजीनगरचा तो चौक पुणेकरांच्या तोंडी अजूनही "सिमला ऑफिस"च आहे, आणि खात्याची मोठी कचेरी आजही तिथे काम करते.

वायव्य भारतातून माघार जाहीर करायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सलग पाच दिवस पाऊस थांबलेला हवा. खालच्या थरात, साधारण दीड किलोमीटर उंचीपर्यंत, घड्याळाच्या दिशेने फिरणारे उतरते वारे स्थिरावलेले हवेत. आणि हवेतली बाष्पाची पातळी स्पष्ट घटलेली हवी. त्यापुढे माघारीची रेषा सरकवताना बाष्प आणि कोरडं हवामान पाहिलं जातं.

2020 पासून माघारीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. पूर्वी पश्चिम राजस्थानातली सुरुवात 1 सप्टेंबरला धरत, आता 17 सप्टेंबरला धरतात. दिल्लीची तारीख 25 सप्टेंबर, मुंबईची 8 ऑक्टोबर, आणि संपूर्ण देशातून 15 ऑक्टोबरपर्यंत. या सरासरीच्या तारखा आहेत, त्यांना वेळापत्रक समजू नका.

आता तुमच्या कालच्या पावसाबद्दल. मान्सून परतला म्हणजे नैऋत्येकडून येणारा बाष्पाचा मोठा प्रवाह थांबला. पाऊस कायदेशीररीत्या बंद झाला असा त्याचा अर्थ नाही. माघारीनंतरही उपसागरातली एखादी कमी दाबाची प्रणाली किंवा स्थानिक ढग पाऊस देऊ शकतात. मान्सून गेल्याची बातमी ऐकून ताडपत्री घडी घालून माळ्यावर टाकणं हीच दरवर्षीची सगळ्यात महाग पडणारी चूक असते.

परतीचा पाऊस दुपारनंतरच का कोसळतो?

जुलैतला पाऊस आणि ऑक्टोबरातला पाऊस या दोन वेगळ्या जाती आहेत. जुलैत समुद्रावरून सतत वारा येतो, ढग बुटके आणि दूरवर पसरलेले असतात, रिपरिप दिवसभर चालते. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं. ऊन थेट जमिनीवर पडतं, जमीन चार महिन्यांच्या पावसाने ओली असते, त्यामुळे वाफ भरपूर. वरच्या थरात मात्र उत्तरेकडची कोरडी, थंड हवा शिरू लागलेली असते. खाली गरम दमट, वर गार कोरडं. अशी हवा अस्थिर असते. दुपारी दोन-तीनपर्यंत तापलेली हवा वर धाव घेते आणि तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंचीचा क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढग, उभा राहतो. सकाळी स्वच्छ निळं आभाळ, संध्याकाळी विजांचा थयथयाट.

याच कारणाने हा पाऊस वर्तवायला अवघड असतो. अशा ढगाचा व्याप बऱ्याचदा पाच-दहा किलोमीटरचाच असतो. संगणकी प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. बरीच वर्षं आपल्या मुख्य प्रारूपाचा चौकोन 12 किलोमीटरचा होता. 26 मे 2025 रोजी "भारत फोरकास्ट सिस्टिम" सुरू झाली आणि तो 6 किलोमीटरवर आला. ही मोठी उडी आहे. तरीही ढग नेमका तुमच्या शिवारावर फुटेल की शेजारच्या गावावर, हे दोन दिवस आधी सांगणं आज कोणालाही जमत नाही. "मध्य महाराष्ट्रात दुपारनंतर गडगडाटाची शक्यता" एवढं मात्र दोन दिवस आधी बऱ्यापैकी विश्वासाने सांगता येतं.

पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर अशाच काही तासांच्या पावसाचा होता. नुकसान दिवसभराच्या बेरजेने केलं नाही. कमी वेळात, छोट्या ओढ्याच्या पात्रात ते पाणी मावलं नाही. ऑक्टोबरात "किती मिलिमीटर" याच्या जोडीला "किती वेळात" हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

"तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे थोडासा पाऊस ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच शब्दाचा होतो.

"तुरळक" हा शब्द जागेबद्दल बोलतो, जोराबद्दल नाही. उपविभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर "तुरळक ठिकाणी". 26 ते 50 टक्के असतील तर "काही ठिकाणी", 51 ते 75 टक्क्यांना "अनेक ठिकाणी", आणि त्याहून जास्त असतील तर "बहुतांश ठिकाणी".

जोर वेगळा मोजतात. 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर म्हणजे हलका, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 ते 115.5 मुसळधार, 115.6 ते 204.4 अतिमुसळधार, आणि 204.5 च्या वर अत्यंत मुसळधार.

आता दोन्ही जोडून वाचा. "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार" म्हणजे बहुतेक गावं कोरडी राहतील, पण ज्या थोड्या गावांवर ढग फुटेल तिथे शेतात पाणी उभं राहील. ज्या गावात पडला नाही ते म्हणतात अंदाज चुकला, ज्या गावात पडला ते म्हणतात इतका पडेल असं कुणी सांगितलंच नाही. खरं तर अंदाजाने दोघांनाही तेच सांगितलं होतं.

आणखी एक. पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. मंगळवारी संध्याकाळी झालेला पाऊस म्हणूनच बुधवारच्या आकड्यात दिसतो.

यलो, ऑरेंज, रेड यांत नेमका फरक काय?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग निव्वळ पावसाच्या आकड्यावर ठरत नाही, त्या पावसाचा परिणाम काय होईल आणि तो होण्याची शक्यता किती, दोन्ही बघितलं जातं. ऑक्टोबरात आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो पिवळा, विजांसाठी. लोक त्याला हलक्यात घेतात. शेतात काम करणाऱ्याने घेऊ नये.

बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला, तर सोलापूरच्या माणसाने काळजी का करावी?

मला वाटतं या पानावरचा हाच सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे.

शरदात उपसागरातल्या प्रणाली साधारण पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकतात. आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढल्यावर त्यांचं वादळीपण संपतं, बाष्प संपत नाही. ते घेऊन त्या पठारावरून पुढे चालत राहतात.

2020 चा ऑक्टोबर आठवा. तीव्र कमी दाबाचा पट्टा 13 ऑक्टोबरला सकाळी काकीनाड्याजवळ जमिनीवर आला. त्या रात्री हैदराबाद पाण्याखाली गेलं. 14 तारखेला तीच प्रणाली सोलापूर जिल्ह्यावर होती. उजनीतून विसर्ग वाढला, भीमेला पूर आला, पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी घाटांवर चढलं. त्या रात्री पुण्यातही जोरदार पाऊस झाला. पुढे ती प्रणाली सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात उतरली. काकीनाड्यापासून पंढरपूरपर्यंत जेमतेम दीड-दोन दिवस! बरोबर अल्प पल्ल्याच्या अंदाजात मावणारा काळ. ज्यांनी 12 तारखेला पूर्व किनाऱ्याची बातमी "ती तिकडची" म्हणून सोडून दिली, त्यांचं काढलेलं सोयाबीन गंजीतच भिजलं.

याहून दूरचं उदाहरण 2014 चं. हुदहुद चक्रीवादळ 12 ऑक्टोबरला विशाखापट्टणमवर धडकलं. छत्तीसगड, उत्तर प्रदेश असा प्रवास करत त्याचं उरलेलं बाष्प हिमालयाला भिडलं आणि 14 ऑक्टोबरला नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिसरात, थोरांग खिंडीत, भयंकर हिमवादळ झालं. चाळीसहून अधिक गिर्यारोहक आणि वाटाडे गेले. ऑक्टोबर हा तिथला ट्रेकिंगचा सर्वात चांगला महिना मानला जातो आणि वरचं आभाळ आदल्या दिवसांत मोकळंच असणार. धोका हजार किलोमीटर दूरच्या समुद्रातून निघाला होता.

म्हणून देशाचा नकाशा शेवटी पण नक्की बघा, आणि बघताना आधी उपसागराकडे नजर टाका. तिथे काही असेल तर ते कोणत्या दिशेने निघालंय, एवढंच तपासा.

चक्रीवादळाचा अंदाज किती आधी मिळतो? मच्छीमारांनी काय धरून चालावं?

आपल्या समुद्रांत चक्रीवादळांचे दोन मोसम असतात, मान्सूनच्या आधीचा आणि नंतरचा. कमी दाबाच्या प्रणालीतल्या वाऱ्याचा वेग ताशी 31 ते 49 किलोमीटर असेल तर ते डिप्रेशन, 50 ते 61 ला डीप डिप्रेशन, आणि 62 किलोमीटर झाला की चक्रीवादळ. नाव तेव्हाच मिळतं.

इशारे टप्प्याटप्प्याने येतात. साधारण 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी सावधगिरीचा इशारा, 24 तास आधी धोक्याचा इशारा, आणि जमिनीवर येण्याच्या 12 तास आधी आतल्या भागासाठीचा अंदाज. या पद्धतीची किंमत ओडिशाला विचारावी. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. 12 ऑक्टोबर 2013 ला गोपाळपूरजवळ फायलिन आलं, तेही अतितीव्र होतं. त्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. वादळाचा जोर कमी नव्हता. फरक पडला तो आधी मिळालेल्या दिवसांमुळे आणि त्या दिवसांचा उपयोग करणाऱ्या माणसांमुळे.

अरबी समुद्र शांत असतो हे आता विसरायला हवं. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर आलं, तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या समुद्रातच होत्या. 2019 च्या ऑक्टोबर अखेरीस क्यार महाचक्रीवादळ झालं. ते ओमानच्या दिशेने गेलं, कोकण किनाऱ्यावर आलंच नाही, पण समुद्र खवळलेला राहिला आणि किनाऱ्यावर भात आडवं झालं. वादळ "आपल्याकडे येणार नाही" आणि वादळाचा "आपल्याला त्रास नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मच्छीमारांसाठी वेगळं पत्रक निघतं. त्यात कोणत्या पट्ट्यात कोणत्या तारखेपर्यंत जाऊ नये ते स्पष्ट असतं. खोल समुद्रात आठ-दहा दिवस राहणाऱ्या नौकेला तीन दिवसांचा अंदाज अपुरा पडतो, म्हणून निघण्याआधी आठवड्याचा अंदाजही बघावा आणि नंतर रोज वायरलेसवर चौकशी करावी. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्यावर निघायचं नाही, एवढं तर प्रत्येक तांडेलाला ठाऊक असतं. अडचण असते ती बावटा लागायच्या आधीच बाहेर गेलेल्यांची.

ऑक्टोबर हीट कधी संपणार?

आभाळ मोकळं, सूर्य अजून पुरेसा वर, हवेत दमटपणा. त्यात मुंबईची आणखी एक गोष्ट: जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की दुपारचे खारे वारे उशिरा शहरात शिरतात. अकराला येणारा वारा दोनला आला तर पारा दोन-तीन अंशांनी चढतो. त्यामुळे मुंबईसाठी तापमानाचा अंदाज वाचताना वाऱ्याची दिशा पण वाचा. उत्तरेचे कोरडे वारे स्थिरावले की रात्री आधी थंड होतात, दुपारी बऱ्याच नंतर.

दिवाळीच्या सुट्टीत चेन्नई, पुदुच्चेरी, केरळ ठरवलंय. चूक केली का?

चूक नाही, पण मनाची तयारी हवी. तमिळनाडूचा वर्षातला जवळपास निम्मा पाऊस, सुमारे 48 टक्के, ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर तो बऱ्याचदा रात्री आणि पहाटे येतो, दुपार मोकळी मिळू शकते. केरळात याच दिवसांतल्या पावसाला तुलावर्षम म्हणतात, आणि तो आपल्या परतीच्या पावसासारखा दुपारनंतर गडगडाटासह येतो. म्हणजे चेन्नईत फिरणं दुपारी ठेवा, मुन्नारला सकाळी. उपसागरात काही शिजत असेल तर दोन्ही नियम बाद.

उत्तराखंड, हिमाचल, काश्मीरला जातोय. आभाळ निळं दिसतंय, मग इशारा का?

कारण डोंगरात निळं आभाळ आजचं असतं आणि अंदाज परवाचा. पश्चिमी झंझावात एकटा आला तर उंचावर बर्फ आणि खाली थोडा पाऊस देऊन जातो. त्याच वेळी खालून उपसागराचं बाष्प पोचलं तर गणित पार बदलतं. 18-19 ऑक्टोबर 2021 ला कुमाऊंमध्ये नेमकं हेच झालं. मुक्तेश्वरला एका दिवसात 340 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, नैनीतालच्या तलावाचं पाणी रस्त्यावर आलं. रेड अलर्ट आधी दिलेला होता. ज्या यात्रेकरूंना खालीच थांबवलं ते सुखरूप राहिले. डोंगरात लाल रंग दिसला तर हॉटेलचे पैसे बुडू द्या, घाट चढू नका.

काश्मीरला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही मोठा बर्फ पडू शकतो. 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षं तो पडला आणि पानं न गळालेली सफरचंदाची झाडं त्या वजनाने मोडली.

दिल्लीच्या धुराचाही अंदाज असतो?

असतो, आणि तो पुण्यात तयार होतो. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमने, 2018 पासून दिल्लीसाठी हवेच्या गुणवत्तेची पूर्वसूचना प्रणाली चालवली आहे. पुढचे तीन दिवस हवा कशी राहील ते त्यात कळतं. भाताचं पाचट जळणं हे एक कारण, पण धूर साचतो तो वाऱ्यामुळे. वेग ताशी 10 किलोमीटरच्या खाली आला आणि थंडीमुळे वरचा हवेचा थर झाकणासारखा बसला की सगळं खालीच कोंडतं. दिल्लीला दम्याचा रुग्ण घेऊन जाणार असाल तर तापमानाआधी हा अंदाज बघा.

सोयाबीन कापायला तयार आहे. अंदाज बघून निर्णय कसा घ्यायचा?

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, म्हणून हे जपून लिहितो. निर्णय तुमचाच असतो आणि नुकसानही तुमचंच.

कापलेलं सोयाबीन वाळायला दोन-तीन कोरडे दिवस लागतात. विकताना ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. म्हणजे प्रश्न "आज पाऊस आहे का" असा विचारायचाच नाही. "पुढचे तीन दिवस सलग कोरडे आहेत का" असा विचारायचा. तसं दिसत नसेल आणि शेंगा फुटायला लागल्या असतील, तर सगळं रान एकदम आडवं करू नका. जेवढं एका दिवसात मळून झाकता येईल तेवढंच कापा. मजूर मिळाले म्हणून आठ एकर एकदम कापलं आणि त्या रात्री पाऊस आला, हे आमच्या घरीही घडलंय. त्या वर्षी आईने ओल्या शेंगा अंगणात, ओसरीवर, अगदी देवघराच्या दाराशीही पसरल्या होत्या. निम्म्या काळ्या पडल्याच.

द्राक्षवाल्यांचा हिशेब वेगळा. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली की फुलोरा ऐन बेभरवशाच्या दिवसांत येतो. पावसाच्या जोडीला पानं किती तास ओली राहतील ते बघायला हवं, कारण डाऊनी हा बुरशीचा रोग ओलाव्यावर वाढतो. ढगाळ हवा, पहाटेचं दव आणि हलका पाऊस हे त्रिकूट एकट्या जोरदार सरीपेक्षा बागेला वाईट. फवारणीसाठी पाऊस नसलेले तास आणि मंद वारा दोन्ही हवेत, म्हणून तासागणिक अंदाज इथे उपयोगी पडतो.

कपाशीची फुटलेली बोंडं भिजण्याआधी वेचून घ्यावीत. कोकणात कापलेलं भात शेतात पसरून ठेवू नये, दाण्याला कोंब येतात. आणि ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीसाठी याच पावसाची वाट बघणारा शेतकरी शेजारच्याच शिवारात असतो, त्याला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हवा असतो. एकच सर एकाला मारते, दुसऱ्याला तारते.

जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत अॅपवर मराठीत वाचता येतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकानुसार सल्ला असतो.

हस्त नक्षत्राचा पाऊस पडतोच, मग अंदाज कशाला?

सूर्य हस्त नक्षत्रात साधारण 27 सप्टेंबरला जातो आणि पुढचे तेरा-चौदा दिवस राहतो. मग चित्रा, मग स्वाती. हे पाऊसमान पिढ्यांनी पाहून ठेवलं आहे, आणि परतीच्या पावसाच्या तारखांशी ते नीट जुळतं. हादग्याला पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या आमच्या आज्या-मावश्या एका अर्थी हवामानाचीच नोंद गात होत्या. नक्षत्र सांगतं की या दिवसांत पाऊस पडण्याची रीत आहे. तो उद्या पडेल का, हे नक्षत्राला सांगता येत नाही. पंचांगात त्याचं वाहन हत्ती दिलंय की बेडूक यावरून फवारणी ठरवू नका.

मोबाइलमधलं अॅप आणि हवामान खातं वेगवेगळं सांगतात. कुणाचं ऐकू?

फोनमध्ये आधीपासून असलेली बहुतेक अॅप्स एखाद्या जागतिक प्रारूपाचा आकडा थेट दाखवतात. मधे माणूस नसतो. हवामान खात्याच्या अंदाजात अनेक प्रारूपं, रडार, उपग्रह आणि पहाटे-संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडलेल्या फुग्यांची मोजणी बघून हवामानतज्ज्ञ ठरवतो. इशाऱ्यांसाठी खात्याचंच धरा. दोन अंदाजांत फरक दिसला तर एकाला खोटं ठरवण्यापेक्षा, हवा अनिश्चित आहे असं समजा आणि तयारी वाईटाची ठेवा.

"15 दिवसांनी 22 मिलिमीटर, दुपारी 3 वाजता" असं दाखवणाऱ्या अॅपवर लग्नाचा मांडव ठरवू नका. इतक्या लांबचा तास कोणाच्याच गणितात नसतो.

थंडी कधी पडेल?

उपसागर शांत झाला, आभाळ सलग मोकळं राहिलं आणि उत्तरेचे वारे सुरू झाले की पहिल्यांदा निफाड, मग नाशिक, पुणे, विदर्भ. आभाळ ढगाळ असेल तर रात्रीचा पारा खाली जात नाही, म्हणून दक्षिणेत चक्रीवादळ असलं की आपली थंडीही लांबते.

रोज नेमकं काय आणि कधी बघू?

सकाळी जिल्ह्याचा रंग आणि तीन दिवसांचा अंदाज. दुपारी एकदा पुन्हा, कारण अंदाज दिवसातून अनेकदा सुधारला जातो आणि कालचा फॉरवर्ड झालेला मेसेज आज शिळा असतो. फॉरवर्डवर तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका. तीननंतर आभाळ काळवंडलं तर तात्काळ अंदाज आणि दामिनी अॅप. आयआयटीएमचं हे अॅप तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडते आहे का ते दाखवतं.

फोन हाताशी नसेल तर कान पुरेसे आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. शेतातलं काम सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नका, पाऊस थांबलेला असला तरी. बांधावरच्या लिंबाखाली उभी राहिलेली माणसं दर ऑक्टोबरात जातात. कापणीला आलेल्या मजुरांना हे आपल्या तोंडाने, काम सुरू व्हायच्या आधी सांगा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे अॅप नसतं.